रंगाऱ्याचा खांदा

४ फेब्रुवारी

आलो एकदाचे! सामानाची गाडी दारात थांबली तेव्हा ही म्हणाली, लोक तुरुंगातून बाहेर पडायला धडपडतात आणि आपण बाडबिस्तऱ्यासकट आत निघालोय. ड्रायव्हर इतका हसला की आरशाचं कपाट उतरवताना त्याच्या हातून निसटायचंच बाकी होतं. क्वार्टर मात्र झकास आहे. दोन ऐसपैस खोल्या, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन, भिंतींना ताजा पांढरा रंग. मागच्या खिडकीतून तुरुंगाची उंच भिंत दिसते. हिने त्या खिडकीला सगळ्यात आधी पडदा लावला. मी म्हटलं, भिंत काय आत डोकावणार आहे? तर म्हणाली, सांगता येत नाही.

तुरुंगाचा डॉक्टर म्हणून ही माझी पहिलीच नेमणूक. आजवर मोठ्या इस्पितळात वरिष्ठांच्या मागे मागे पळत होतो. इथे दवाखाना माझा, खुर्ची माझी, आणि पेशंट औषध अर्धवट सोडून कुठे जाणार नाहीत. अधीक्षकसाहेबांनी स्वतःच्या खोलीत बोलावून चहा पाजला. दिलखुलास माणूस आहे. म्हणाले, इथे डॉक्टर टिकत नाहीत, तुम्ही तरी टिका. मी टिकणार. हिला म्हटलं, बघच तू, वर्षभरात या तुरुंगात खोकणारा माणूस सापडणार नाही. ती म्हणाली, आधी आपला स्टोव्ह पेटतो का ते बघा.

९ फेब्रुवारी

दवाखान्याची घडी बसतेय. माझा कंपाउंडर बारा गावचं पाणी प्यायलेला आहे. त्याने माझ्याआधी पाच-सहा डॉक्टर पचवलेत आणि प्रत्येकाची नक्कल त्याला करता येते. माझीही एव्हाना बसवली असेल.

लांब बोळाच्या शेवटी, वेगळ्या बंदोबस्तात, फाशीची कोठडी आहे. सध्या तिथे एकच माणूस. घरं रंगवायचं काम करायचा, म्हणून सगळे त्याला रंगारीच म्हणतात. तो ज्या घरात रंग देत होता तिथल्या शिवणकाम करणाऱ्या बाईचा खून त्याने केला, असा निकाल आहे. अपिलं संपली, दयेचा अर्ज वर गेलाय, उत्तराची वाट बघणं चाललंय. मी त्याला रोज तपासायचं आणि त्याच्या कागदावर लिहायचं.

काय लिहायचं तेही ठरलेलं आहे. कंपाउंडरने समजावलं की फाशीच्या कैद्याच्या कागदावर रोज दोनच शब्द येतात, प्रकृती ठीक. ताप असो, दाढ सुजलेली असो, प्रकृती ठीक. कारण आजारी माणसाला फाशी देता येत नाही, आधी बरं करावं लागतं. मागे एका डॉक्टरने भाबडेपणाने ‘किंचित ताप’ लिहिलं, तर तारीख पुढे गेली, वरून खुलासे मागवले गेले आणि साहेबांना ठपका बसला. तेव्हापासून रिवाज पडला. औषध द्यायचं, पण दुसऱ्याच्या नावावर. रंगाऱ्याची औषधं आचाऱ्याच्या नावावर निघतात. हा आचारी म्हणजे स्वयंपाकघरात काम करणारा जन्मठेपेचा कैदी. चांगला धट्टाकट्टा गडी, पण कागदोपत्री बिचारा बारमाही आजारी. मला हसू आवरेना. मरायला माणूस ठणठणीत लागतो, हे आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

जेवताना हिने विचारलं, तुम्हाला हे पटतं का, माणसाला मारणं. मी म्हटलं, त्याने खून केलाय, एक सोडून दोन कोर्टांनी तपासलंय. माझं काम नाडी बघायचं. ती नंतर बराच वेळ भांडी आपटत होती.

१६ फेब्रुवारी

आज रंगाऱ्याला सदरा काढायला सांगितला. त्याने आधी डावी बाही काढली, मग सदरा उजव्या हातावरून गुंडाळत खाली सरकवला. असं कोण काढतं? उजवा हात वर कर म्हटलं. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. मी धरून उचलायला गेलो तर खांदा लाकडासारखा. माणसाने ओठ घट्ट मिटून घेतले.

किती वर्षं असं आहे, विचारलं. आधी उडवाउडवी केली, हात आळशी आहे म्हणाला. मग हळूहळू बोलला. फार वर्षांपूर्वी शिडीवरून पडला, कुणाला दाखवलं नाही आणि खांदा आखडत गेला. मला म्हणाला, डॉक्टरसाहेब, कुणाला सांगू नका. कारण ज्याचा हात वर जात नाही त्याला छताचं काम मिळत नाही, आणि छत जमत नाही त्याला रंगारी म्हणून कुणी उभं करत नाही. त्याने ठेकेदारापासून हे सगळी वर्षं लपवलं. छताची वेळ आली की बाकीच्यांना चहाला पाठवायचा, लांब काठीला ब्रश बांधायचा आणि डाव्या हाताने छत रंगवायचा. माणसं परत येईपर्यंत काठी लपवलेली आणि ब्रश उजव्या हातात. मी म्हटलं, अहो, आता इथे कोण ठेकेदार बघायला येतोय? तर ओशाळून म्हणाला, सवय हो.

मी मनावर घेतलं. कंपाउंडर म्हणाला, कशाला? चार दिवसांचा पाहुणा. मला रागच आला. दुखतं तोवर माणूस जिवंत असतो आणि तोवर तो माझा पेशंट. इंजेक्शनं, शेक, आणि रोजचा व्यायाम. भिंतीशी तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, काल पोचलो त्याच्यावर एक बोट. इंजेक्शनं अर्थात आचाऱ्याच्या नावावर काढली.

५ मार्च

रंगाऱ्याच्या कोठडीच्या भिंतीवर बोटांचे मळकट डाग पडलेत, एकावर एक, वर चढत गेलेले. सकाळी गेलो की मी आधी तेच बघतो. आज हनुवटीच्या वर पोचला. तो चेष्टेत म्हणाला, आयुष्यभर लोकांच्या भिंतींवरचे डाग बुजवले, आता सरकारी भिंतीवर पाडतोय. ही म्हणते, तुम्ही हल्ली माझ्यापेक्षा त्या खांद्याबद्दल जास्त बोलता. खरं आहे. इस्पितळात असा हातात धरून शेवटाला नेलेला एकही पेशंट मला मिळाला नव्हता.

२४ मार्च

गेला! हात सरळ वर गेला! आधी त्याने स्वतःचा कान धरला, मग डोकं खाजवलं, मग दंड कानाला टेकवून हात ताठ उभा केला आणि तसाच उभा राहिला. रडत होता. बायकोला बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, म्हणाला. ती त्याला सदरा घालून द्यायची. खटला चालू असतानाच वारली.

मी कागदावर प्रकृती ठीक लिहिलं. पहिल्यांदाच ते खरं होतं. घरी येताना हिच्यासाठी केक घेतला.

२९ मार्च

गमतीची गोष्ट. आचारी दवाखान्यात आला. उजवा खांदा धरलाय म्हणाला. हात वर करायला लावला, छातीपर्यंत आला आणि थांबला. पडला नाही, जड उचललं नाही, झोपेतून उठला तो असाच. कंपाउंडर म्हणाला, इतकी औषधं नावावर निघाली, शेवटी दुखण्याला पत्ता सापडला. आम्ही हसलो, आचारीही हसला. पण हात ज्या ठिकाणी अडतो ती जागा माझ्या चांगल्या ओळखीची आहे. तिथेच, बोटभरही इकडे तिकडे नाही.

दुपारी पहारेकऱ्याने बोलावलं म्हणून बोळात गेलो. रंगारी पाठीवर झोपला होता, गाढ, तोंड किंचित उघडं. त्याचा उजवा हात सरळ छताकडे उभा होता, बोटं पसरलेली. पहारेकरी म्हणाला, रोज दुपारी असंच असतं, तो झोपला की हात उठतो. मी आत जाऊन हात खाली ठेवला. हात पुन्हा वर आला, सावकाश, आणि तो माणूस घोरतच होता. बरीच वर्षं पडून राहिलेले स्नायू असं करतात, असं मी पहारेकऱ्याला सांगितलं. असं कुठल्याही पुस्तकात नाही.

६ एप्रिल

हिचा धाकटा भाऊ आला होता. वकिली करतो. ज्या वकिलांच्या हाताखाली तो काम शिकला, त्यांच्या कचेरीत रंगाऱ्याच्या खटल्याची पुष्कळ चर्चा झाली होती, म्हणून मी सहज विषय काढला. तो चहा पिता पिता सांगत होता. बाई शिवणयंत्रावर वाकून बसली होती. मागून घाव घातला, रंगाऱ्याच्याच हातोडीने, सरळ टाळूवर. डॉक्टरची साक्ष अशी की मारणाऱ्याने उजवा हात पूर्ण डोक्यावर नेऊन घाव घातला असला पाहिजे, त्याशिवाय तशी जखम होत नाही. हातोडी त्याची, दिवसभर घरात तो, आणि ठेकेदाराने शपथेवर सांगितलं की हा रोज छतं रंगवतो, हात एकदम मोकळा. बाकी पाहिलेला कुणी नाही.

माझ्या हातातला चहा मांडीवर सांडला. ही फडकं आणायला गेली. मी विचारलं, आरोपीचा उजवा हात छातीच्या वर जातच नसता तर? मेव्हणा हसला. म्हणाला, मग खटलाच संपला, दाजी, घरी गेला असता. मी त्याला सगळं सांगितलं. तो एकदम गंभीर झाला. म्हणाला, मग वाट कसली बघताय, दाखवा तो हात कुणालाही, आजच्या आज.

कुठला हात दाखवू? तो हात मी बरा केलाय.

जाताना तो दारात थांबला. म्हणाला, चुकून कैदेत टाकलेल्या माणसाची निदान दार उघडून माफी मागता येते. यात कुणाची मागणार, दोराची? आपल्या बहिणीसमोर तो असं कधी बोलत नाही.

७ एप्रिल

रंगाऱ्याला विचारलं, कोर्टात का नाही बोललात. तो म्हणाला, ठेकेदार समोर उभा होता. माझा हात मोकळा आहे म्हणून सांगत होता. मला वाटलं, माझी बाजू घेतोय. आणि सुटल्यावर पुन्हा कामाला त्याच्याच दारात जायचं होतं. सरकारने दिलेला वकील त्याला एक चहा होईल इतकाच वेळ भेटला. डॉक्टरची साक्ष जड भाषेत झाली. घाव कुठून बसला, हात किती वर गेला, यातलं त्याला काहीही कळलं नव्हतं. हाताचा खटल्याशी संबंध आहे हे त्याला आज माझ्याकडून कळलं.

त्याने स्वतःचा हात बराच वेळ निरखला. मग विचारलं, म्हणजे तो होता तसाच राहिला असता तर? मी तिथून निघून आलो, अक्षरशः पळालो.

साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, उद्या प्रत्येक डॉक्टर न्यायाधीश व्हायला लागला तर मी काय करायचं? तरी माणूस वाईट नाही. माझं पत्र वर पाठवलं, दयेच्या अर्जासोबत ठेवा म्हणून शिफारसही केली. वरून तीन डॉक्टरांचं मंडळ येणार आहे. हिला सांगितलं तेव्हा तिने माझा हात दाबला. वाचेल तो, म्हणाली.

१३ एप्रिल

मंडळ येऊन गेलं.

त्यांनी आधी कागद बघितले. पहिल्या दिवसापासून माझ्याच अक्षरात प्रकृती ठीक, प्रकृती ठीक. मी रिवाजाबद्दल सांगितलं. त्यांनी कंपाउंडरला बोलावलं. कंपाउंडर माझ्याकडे न बघता म्हणाला, खांद्याची इंजेक्शनं आचाऱ्याच्या नावावर निघाली, आचाऱ्यालाच दिली. मग आचाऱ्याला आणलं, आणि त्याचा खांदा खरोखरच आखडलेला. छातीपर्यंत येतो आणि थांबतो. मंडळातले सगळ्यात वयस्कर डॉक्टर मला म्हणाले, कागद बरोबर आहेत, तुमचाच काहीतरी घोटाळा होतोय.

शेवटी रंगाऱ्याला आणलं. मी त्याला चार वेळा पढवलं होतं की आधी जुनं सगळं सांगायचं. वयस्कर डॉक्टरांनी सहज विचारलं, काय, हाताला काही त्रास? आणि हा माणूस ताठ झाला, चेहऱ्यावर हसू आणलं आणि म्हणाला, अजिबात नाही साहेब, एकदम मोकळा आहे. हात खाडकन वर. आयुष्यभर प्रत्येक साहेबासमोर केलं तेच. दुसऱ्या क्षणी त्याला कळलं. मग तो भडाभडा सांगायला लागला, आधी जात नव्हता, शिडीवरून पडलो होतो, या डॉक्टरांनी केला बरा. ते तिघे सौम्यपणे हसले. सगळेच असं म्हणतात.

मला त्याचा राग आला. मग स्वतःचा. घरी येऊन जेवलो नाही.

१५ एप्रिल

आज त्याने मला जवळ बोलावलं. हळूच म्हणाला, डॉक्टरसाहेब, परत होता तसा करून द्या.

मला वाटलं चेष्टा करतोय. नव्हता करत. म्हणाला, तुम्हाला आतलं सगळं माहीत आहे, कुठे काय सोडवलं ते. पिरगळा, मोडा, काहीही करा. मी ओरडणार नाही. मोडक्या हाताच्या माणसाला फाशी देता येत नाही ना? बरा होईपर्यंत थांबतील. तेवढ्यात तुमचा मेव्हणा काहीतरी करेल. मी म्हटलं, मी डॉक्टर आहे, असं कसं करू. तो म्हणाला, डॉक्टर आहात म्हणूनच सांगतोय.

तो हात जोडायला गेला. डावा हात छातीशी आला. उजवा डोक्यावर उभाच राहिला, आणि तो वर हाताकडे असा बघत होता, जणू तो दुसऱ्याच कुणाचा. म्हणाला, हा माझा नाही हो. माझा तो दुखरा होता.

१८ एप्रिल

दयेचा अर्ज फेटाळला. मेव्हणा राजधानीत खेटे घालतोय, आणखी आठवडा मिळाला तर काहीतरी होईल म्हणतो. आठवडा नाही. परवा नाही, तेरवा पहाटे. 

२० एप्रिल

सकाळी ठरवून गेलो. पहारेकऱ्याला पाणी आणायला पाठवलं. रंगारी काही न बोलता पालथा झोपला आणि हात माझ्याकडे दिला. मी कोपर धरलं, खांद्यावर गुडघा ठेवला. किती जोर लागतो, मला माहीत होतं.

नाही झालं. हात मोडायचा नसतो म्हणून नव्हे. मी घाबरलो. नोकरी जाईल, चौकशी होईल, मीच जेलमध्ये बसेन, हिचं काय होईल. शपथेचं नाव पुढे केलं आणि मागे लपलो. पहारेकरी पाणी घेऊन आला तेव्हा मी उभा होतो आणि रंगारी तसाच पडून होता, हात पसरून, वाट बघत.

अखेरचा दाखला द्यायचा होता. फाशी देण्यास योग्य. आजारी माणसाला ते मारत नाहीत, मग निरपराध माणसाला कसे मारतात? हे मी साहेबांना तोंडावर विचारलं. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

सही केली. प्रकृती खरोखरच ठीक होती.

२१ एप्रिल

पहाट.

मला खाली उभं राहावं लागतं, हृदय थांबेपर्यंत. थांबलं. थोडक्यात लिहितो, जास्त लिहवत नाही.

वर जाताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी बरा केलेला हात मागे बांधलेला होता. 

खाली उतरवल्यावर पट्टे सोडले. हात उठला. सावकाश, दंड कानाला टेकेपर्यंत. कंपाउंडरने खाली दाबला. पुन्हा उठला. साहेब म्हणाले, शरीर ताठरतं असं. मी म्हटलं, इतक्या लवकर नाही. बँडेजने छातीशी बांधून टाकला — तीन पदर लागले.

२३ एप्रिल

झोप नाही. बैठकीच्या भिंतीवर चार बोटांचे डाग. टेबलाच्या उंचीवर. ही मला रागावली, हात धुऊन येत जा म्हणाली. पुसून टाकले तिने.

२४ एप्रिल

आज पुन्हा. कालच्याहून वर. एकावर एक — चढत गेलेली बोटं. मी ओळखतो हा व्यायाम. हिला काही बोललो नाही. मीच पुसले.

आचाऱ्याचा हात आता हलतच नाही. कंपाउंडर रजेवर गेलाय. न विचारता.

२६ एप्रिल

कपाटाच्याही वर. तिथे माझा हात पोचत नाही, हिचा तर नाहीच. ती आता पुसत नाही. भावाला बोलावू म्हणते. नको म्हटलं. त्याला काय सांगू —

२७ एप्रिल

छताला लागले.

२८ एप्रिल

दुपारी खुर्चीत डोळा लागला. ही किंचाळली तेव्हा जागा झालो. माझा उजवा हात सरळ वर. बोटं पसरलेली.

मग ती हसायला लागली, म्हणाली, वर्गात उत्तर येतंय का? मी हसलो नाही. डाव्या हाताने खाली आणला. पुन्हा वर —

त्याचं दुखणं आचाऱ्याकडे गेलं. आणि तो हात, मी घडवलेला, कोर्टाला हवा होता तसा — त्याला मालक उरला नाही. आता तो माझ्याकडे आलाय.

२९ एप्रिल

डाव्या हाताने लिहितोय.

ही लांब असली की हात निपचित. ती पाठमोरी बसली की उठतो. सकाळी ती खाली बसून भाजी चिरत होती. टेबलावरची इस्त्री उचलली. मी नाही. मी नाही उचलली — हाताने. ओरडलो. ती वळली, बाजूला झाली. इस्त्री पडली, फरशी फुटली.

सगळं सांगितलं तिला. जा म्हटलं, भावाकडे जा. पाया पडलो. नाही जात. म्हणते, तुम्ही असं काही करणारच नाही, मला माहीत आहे. रंगाऱ्याची बायकोही खटल्याच्या वेळी हेच म्हणाली असेल. तिचं कुणी ऐकलं?

३० एप्रिल

रंगाऱ्याला नाही म्हटलं. स्वतःला नाही म्हणणार नाही. परत होता तसा. मोडला की संपलं.

मागचं दार लोखंडी आहे. हात फटीत घातलाय, खांद्यापर्यंत. वही स्टुलावर. मला एकट्याला दार ओढता येत नाही. हिला म्हटलं, तू जोरात लोट, एकदाच. रडते आहे. नाही, नाही — शेवटी हो म्हणाली.

दार अडलंय. खाली पायपुसणं अडकलंय. ते ओढायला ती वाकली. माझ्याकडे पाठ.

हात — निघाला. फटीतून निघाला, मी नाही काढला. वर जातोय. मुठीत काहीतरी आहे, जड, लाकडी दांड्याचं. आमच्या घरात असलं काही नाही — ऊठ म्हणतोय तिला, ती म्हणते थांबा, निघतच आलंय — अगं ऊठ, सोड ते, मागे बघ, मी नाही हा, मी ना